पुण्याचा वकील नको, बाबा

पुणे
रविवार, रात्री

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर वकिलाचा विषय काढला की बाबा, तुम्ही "बरं बरं, बघतो" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. म्हणून लिहायला बसले. आई, तूच मोठ्यानं वाच, बाबा ऐकतील. मध्येच उठून गेले तर थांब आणि ते परत आले की पुढं वाच.

समन्सचे आणि दाव्याचे फोटो व्यवस्थित मिळाले. अण्णाकाकांनी वाटपाचा दावा लावला आहे आणि सोबत निशाणी ५ चा अर्ज दिला आहे. दाव्याचा निकाल लागेपर्यंत तुम्ही जमीन विकू नये, कुणाला लिहून देऊ नये, अशी तूर्तातूर्त मनाई त्यांनी मागितली आहे. हा दिवाणी दावा आहे. पोलीस, अटक असलं यात काही नसतं, तेव्हा आई, तू रात्र रात्र जागू नकोस. मुदतीचं मात्र पाहायला हवं. समन्स हातात पडल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं लेखी उत्तर, द्यायची असते. सबळ कारण असेल तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत वाढवून देतं, पण त्या भरवशावर राहायचं नाही. बेलिफानं समन्स दिलं ती तारीख आत्ताच दाव्याच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवा. आपल्या बाजूनं कुणी उभंच राहिलं नाही, तर एकतर्फी आदेश होतो. मग तो रद्द करून घ्यायला वेगळा अर्ज आणि वेगळे हेलपाटे.

आता वकिलाचं. "पुण्यातला एखादा मोठा वकील बघ" असं तुम्ही म्हणालात. मी चौकशी केली, पण माझं मत सोलापूरच्याच वकिलाचं झालं आहे. पुण्याचा वकील पहिल्या तारखेला येईल. पुढं "अमुक तारखेला जमत नाही" म्हणून सोलापुरातल्याच कुणाला तरी उभं करील आणि तो तारीख मागून घेईल. प्रवासाचे पैसे आपल्याच खिशातून. शिवाय जमीन मंद्रूपकडची. तुमचा बांधकरी घरी कानडी बोलतो, मराठीत विचारलं की "हां जी, नाही जी" एवढ्यावर येतो. कोणता तुकडा कोण किती वर्षं वाहत होतं, हे सांगणारा साक्षीदार तोच. त्याला साक्षीला उभं करण्याआधी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलून सगळं काढून घेणारा वकील हवा. आपल्याकडं असे वकील पैशाला पासरी नसले तरी आहेत. जुने फेरफार, तहसीलच्या अभिलेख कक्षातल्या नकला, मोजणीचे नकाशे, ही रोजची पायपीट असलेला माणूस हवा. ओळखीनं निकाल फिरवणारा हवा असं मी म्हणत नाही. तसं कुणी सुचवलंच, तर त्याच्या चेंबरची पायरी उतरून सरळ घरी या.

आणि वरच्या कोर्टाची काळजी आत्तापासून कशाला? ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सोलापूर जिल्हा त्यात येतो. तिथवर जायची वेळ आलीच, तरी मुंबई गाठायला नको.

तुमच्या बँकेतल्या मित्राचा पुतण्या "काका, फीचं नंतर बघू" म्हणाला, ते तुम्हाला फार आवडलं, हे आईनं सांगितलं. मुलगा चांगला असेलही. पण बाबा, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. ज्यानं उपकार केला त्याला तुम्ही प्रश्न विचारत नाही. डॉक्टरांसमोरसुद्धा तुम्ही मान डोलावता आणि बाहेर आल्यावर आईला विचारता, "काय म्हणाले गं?" वकिलाला मात्र तोंडावर विचारता आलं पाहिजे, की मागच्या तारखेला काय झालं, अर्ज का दिला नाही, जज्जसाहेब काय म्हणाले. फुकटच्या वकिलाला तुम्ही हे कधीच विचारणार नाही.

शिवाय तो पुतण्या नक्की कसली कामं करतो ते मी पाहिलं. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये जिल्हा निवडून वकिलाच्या नावानं शोधता येतं. त्याच्या नावापुढं बहुतेक एससीसी दिसतात, म्हणजे चेक न वटल्याची वगैरे फौजदारी प्रकरणं. आपल्याला आरसीएस किंवा स्पेशल सीएस, म्हणजे दिवाणी दावे, वर्षानुवर्षं चालवणारा पाहिजे. त्यातही निकालापर्यंत नेलेले किती, हेही तिथं दिसतं. तुमच्या दाव्याचा सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर मी माझ्या फोनमध्ये टाकून ठेवला आहे, त्यामुळं पुढची तारीख मला इथं बसून कळेल.

खरी पारख मात्र चेंबरमध्येच होईल. तुम्ही नेहमीप्रमाणे सांगाल, "वाटणी आमच्या वडिलांनीच करून दिली होती, गावाला विचारा." हे ऐकून जो म्हणेल "मग जिंकलोच समजा," त्याच्याकडं दुसऱ्यांदा जायचं नाही. जाणता वकील लगेच विचारील, तसा फेरफार झाला होता का? सातबारे वेगळे झाले? सारा कोण कुणाच्या नावानं भरत होतं? कारण तोंडी वाटणी कोर्ट सहजासहजी मानत नाही, तिला सरकारी कागदाचा आधार लागतो. आणि नुसत्या फेरफारानंही मालकी ठरत नाही, हे तो तुम्हाला न विचारता सांगेल.

दुसरी पारख आत्यांची. दाव्यातली वंशावळ नीट वाचा. अण्णाकाका आणि तुम्ही, दोघंच दाखवले आहेत. अक्कलकोटच्या आत्या आणि धाकट्या आत्या कुठं गेल्या? वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार पक्षकार असावे लागतात. हिंदू वारसा कायद्यातल्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. वडील त्या दिवशी हयात असायलाच हवेत असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप झालं असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून पुन्हा तो कागदाचाच प्रश्न. ज्या वकिलाचं बोट दावा वाचताना वंशावळीवर आपणहून थांबेल, तो आपला. "बहिणींचं कशाला उकरून काढता, हक्कसोड घेऊन टाका" असं म्हणणारा मला तरी नको. बाबा, तुम्हालाही तो नको असावा असं मी धरून चालले आहे. आत्यांना स्वतःचा वकील परवडणार नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

फी आधी ठरवा आणि कागदावर घ्या. वकिलाची फी वेगळी, टायपिंग, नकला, भत्ता वेगळा. एकरकमी देऊ नका. काही आत्ता, काही कोर्टानं वादाचे मुद्दे काढल्यावर, काही साक्षीपुराव्याच्या वेळी, असं सांगा. "जमीन मिळाली की दहा टक्के" असं कुणी म्हणालं, तर ते बार कौन्सिलच्या नियमांतच बसत नाही. निकालावर फी ठरवायला वकिलांना मनाई आहे. उलटतपास ते स्वतः घेणार की ज्युनिअर, हेही तेव्हाच विचारा. ज्युनिअर वाईट असतो असं नाही, पण आधी माहीत असावं.

ट्रंकेतले मूळ कागद कुणालाही देऊ नका, मी आले की झेरॉक्स काढू. मूळ कागद कोर्टात दाखल करायचे तेव्हा यादीसह, आणि यादीची प्रत आपल्याकडं. वकीलपत्रावर सही भरलेला मजकूर वाचून करा, कोऱ्या कागदावर कधीच नाही. पुरसीस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, म्हणून काही पुढं केलं तर तिथल्या तिथं सही करू नका, तडजोडीची पुरसीस एका पानाची असते आणि तेवढ्यात सगळं संपतं. वकील पटला नाही तर बदलता येतो. फी राहिली म्हणून पक्षकाराची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, हेही सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच सांगितलं आहे.

आई, तुला वाटतं तसं मिटलं तर मलाही हवंच आहे. लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते आणि पुढं अपील राहत नाही. पहिल्याच भेटीत "भावाशी बोलणं होतं का?" असं विचारणाऱ्या वकिलाला बाबा लगेच मऊ समजतील, तेव्हा तू जरा सांभाळून घे.

मी दोन नावं काढली आहेत, दोघंही दिवाणी बाजूचे, दोघांची चेंबरं संध्याकाळी उघडी असतात. शुक्रवारी रात्री निघते, शनिवारी दोघांनाही भेटू. पहिल्या भेटीची सल्ला फी घेतील, ती देऊन टाकायची, घासाघीस नको. कोणाला नेमायचं ते बाबा, तुम्हीच ठरवा, तारखांना तुम्हालाच जायचं आहे. तोवर अक्कलकोटच्या आत्यांना फोन करा. मी केला तर त्यांना वाटेल तुम्ही मला पुढं केलंत.

तुमची लेक