चित्र काढताना गप्प बसतो, म्हणून शिक्षा?

मा. संपादक, स. न.

आमच्या गल्लीतला सातवीतला एक मुलगा डोळे मिचकावतो, मान झटकतो, मधूनच घशातून ‘हुं’ असा आवाज काढतो. शाळेने यंदा त्याचं चित्रकलेच्या तासाला बसणं बंद केलं. पालकसभेत त्याच्या आईला ऐकवलं, ‘चित्र काढताना तासभर कसा गप्प बसतो? म्हणजे मनात आणलं तर जमतंय की! गणिताच्या तासालाच बरे चाळे सुचतात. आधी ही खोड मोडू दे, मग चित्रकलेचं बघू.’ तेव्हापासून त्याची मान जास्तच झटकते. मला स्वतःला दुसरीत असल्यापासून हाच त्रास आहे, म्हणून हे पत्र.

डॉक्टर याला टिक्स म्हणतात. हालचाली आणि आवाज असं दोन्ही असेल आणि वर्षाच्या वर टिकलं, तर टुरेट सिंड्रोम. १८८५ साली जिल द ला तुरेत या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, नाव त्यांचंच पडलं. बहुधा पाच-सात वर्षांच्या वयात सुरू होतं, दहा-बाराच्या सुमारास जोर धरतं, मोठेपणी पुष्कळांचं कमी होतं. माझं कमी झालं, गेलं मात्र नाही. (यात तोंडून शिव्या जातात असा एक समज आहे. तसं फार थोड्यांचं होतं. माझ्या सोयरिकीच्या वेळी हा खुलासा करता करता वडिलांच्या नाकी नऊ आले होते.)

मान झटकायच्या आधी आत काहीतरी चढत जातं, शिंक येण्याआधी नाकात चढतं तसं. थोडा वेळ दाबता येतं, नाही असं नाही. पण दाबण्यातच सगळं लक्ष जातं आणि फळ्यावर काय लिहिलं ते डोक्यात शिरत नाही. शाळेत दिवसभर दाबून ठेवलं की घरी आल्यावर किती तरी वेळ माझी मान थांबायची नाही.

हातातलं काम रंगलं की मात्र दाबावंच लागत नाही. मिरजेत तंतुवाद्यं बनवणं हा आमचा घरचा धंदा. तंबोऱ्याची जवारी काढायचं, म्हणजे तारांचा झणकार खुलवायचं काम माझ्याकडे असतं. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचा माथा कानशीने अगदी हलक्या हाताने घासायचा, तार चढवायची, खाली सूत सरकवायचं, छेडून ऐकायचं. आवाज बसका लागला की तार उतरवून पुन्हा घासायचं. एक हात जास्त पडला तर घोडी वाया. अशा वेळी माझी मान हलत नाही. मी ती धरून ठेवलेली नसते, तिची आठवणच नसते. चहावाला पोऱ्या दारात आला, मी वर बघितलं, की पहिला झटका! बाहेरगावचे गवई हे बघून चकित होतात. घरच्यांना त्याचं काही वाटत नाही.

अमेरिकेचा माजी फुटबॉल गोलरक्षक टिम हॉवर्ड यालाही टुरेट आहे. चेंडू गोलाजवळ आला की झटके थांबायचे, असं त्याने मुलाखतीत सांगितलं आहे. २०१४च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध त्याने एकामागून एक गोल अडवले, ते अनेकांनी पाहिलं असेल. तोही चाळे करत होता म्हणायचं का?

आता, आवडीची म्हणून कुठलीही गोष्ट चालते असं नाही. क्रिकेट मला जीव की प्राण, पण शेवटच्या षटकात माझी मान अशी उडते की बायको टीव्ही बंद करायची धमकी देते. दर्ग्याच्या उरुसातल्या गाण्याच्या बैठकीला मी कडेलाच बसतो. समोर कुणी ख्याल मांडत असताना आपला ‘हुं’ निघेल, या धास्तीनेच तो निघतो. हात, डोळे, कान एकाच कामाला जुंपलेले असले तर माझं अंग शांत होतं. नुसतं बसून बघायचं असलं की नाही. दुसऱ्या कुणाचं याहून वेगळं असेल.

म्हणून शिक्षकांना हात जोडून सांगणं आहे. चित्र काढताना पोरगं शांत असतं, हा त्याच्या लबाडीचा पुरावा नाही. दिवसातला तेवढाच वेळ त्याला आराम असतो आणि शिक्षा म्हणून नेमका तोच काढून घेतला जातोय. ‘थांब, थांब’ म्हणत राहिलं की झटके वाढतात. तिकडे काणाडोळा करा. दाराजवळच्या बाकावर बसवा, फारच झालं तर दोन मिनिटं बाहेर जाऊन येऊ द्या. पालकांनी मांत्रिकाकडे न जाता मेंदूविकारतज्ज्ञाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. औषधं आहेत, झटक्याची चाहूल लागताच दुसरी हालचाल करायला शिकवणारी तालीमही आहे.

हा मुलगा यंदा एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसणार होता. फॉर्म भरायची मुदत संपायच्या आत शाळेने त्याला पुन्हा तासाला घ्यावं.

– एक तंतुवाद्य कारागीर, मिरज
(मुलाची ओळख उघड होऊ नये म्हणून कृपया माझं नाव छापू नये.)