पाण्यालगतच्या प्लाझ्मातील इलेक्ट्रॉन मोजताना : एक जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

पाण्याच्या पृष्ठभागावर पेटणाऱ्या प्लाझ्मातील (विद्युतभारित कणांच्या वायूतील) इलेक्ट्रॉन घनता, म्हणजे दर घनसेंटिमीटरमधील इलेक्ट्रॉनांची संख्या, मोजण्याचे आमच्या गटाचे काम आपल्या मदतीमुळे तडीस गेले. शोधनिबंधाच्या शेवटी आभाराच्या ओळीत आपले नाव येईलच. परंतु आपण नेमके काय केलेत ते त्या ओळीत मावणारे नाही, म्हणून हे पत्र.

टंगस्टनची सुई पाण्यापासून काही मिलिमीटर उंचीवर धरून तिला उच्च विद्युतदाबाचे स्पंद दिले, की हवा आणि पाणी यांच्या सीमेवर डिस्चार्ज होतो, म्हणजे हवेतून वीज वाहून प्लाझ्मा पेटतो. पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड किती तयार होणार, हे बऱ्याच अंशी या प्लाझ्मातील इलेक्ट्रॉनांच्या संख्येवर ठरते. ती मोजण्यासाठी लँगम्यूर प्रोब (प्लाझ्मात घालायची धातूची बारीक तार) आत घालावा, तर वातावरणाच्या दाबाला टकरा इतक्या होतात की त्याचे नेहमीचे गणित लागू पडत नाही, शिवाय प्रोबमुळे डिस्चार्जच बदलतो. लेसर वापरावा, तर खर्च मोठा आणि पाण्यावरून उसळणारा प्रकाश मूळ संकेत झाकून टाकतो. उरते ती प्लाझ्माच्या प्रकाशाच्या वर्णपटातील हायड्रोजनची ४८६.१ नॅनोमीटरवरील बीटा रेषा. पाण्याच्या वाफेचे विघटन होत असल्याने हायड्रोजन वेगळा सोडावा लागत नाही, आणि भोवतालच्या इलेक्ट्रॉन व आयनांच्या विद्युतक्षेत्रामुळे ही रेषा रुंदावते. योहानेस श्टार्क यांनी १९१३ मध्ये दाखवलेल्या परिणामाचेच हे रूप. दर घनसेंटिमीटरला दहाचा पंधरावा घात इतके इलेक्ट्रॉन असतील तर ही रुंदी साधारण ०.२ नॅनोमीटर भरते. दहापट कमी असतील तर जेमतेम ०.०४.

आमच्या छोट्या वर्णपटमापकाला अर्ध्या नॅनोमीटरच्या आतले काहीच वेगळे दिसत नव्हते. आपण आपला एक मीटर नाभीय अंतराचा मोनोक्रोमेटर (प्रकाशाच्या तरंगलांब्या अधिक बारकाईने वेगळ्या करणारे यंत्र) दिलात, आणि प्लाझ्मा पेटवण्याआधी पाऱ्याचा दिवा लावून त्याच्या रेषेची रुंदी वहीत लिहायला लावलीत. "हे यंत्राचे देणे, ते फेडल्याशिवाय प्लाझ्माच्या खात्यावर काही जमा करू नका," असे आपण म्हणालात.

देणी आणखीही होती. हायड्रोजनचे अणू वेगाने धावतात त्याची डॉप्लर रुंदी, शेजारच्या रेणूंमुळे येणारी व्हॅन डर वाल्स रुंदी. ही दुसरी वायूच्या तापमानावर अवलंबून असते (तापमान वाढले की घटते), आणि ते आम्ही हायड्रॉक्सिलच्या (ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या जोडीच्या) ३०९ नॅनोमीटरजवळील प्रकाशपट्ट्यावरून, म्हणजे रेणू किती जोरात फिरतात त्यावरून, काढत होतो. आपला आक्षेप असा, की पाण्याचा रेणू फुटून जन्मणारे उत्तेजित हायड्रॉक्सिल मुळातच जोरात फिरत असते, त्यामुळे वायू आहे त्याहून तप्त भासतो; मग व्हॅन डर वाल्सचा वाटा कमी वजा होतो आणि घनता फुगते. नायट्रोजनच्या ३३७ नॅनोमीटरच्या पट्ट्याशी ताडून पाहण्याचा आपला आग्रह म्हणूनच मोलाचा ठरला.

तरीही मला सर्वांत अधिक आठवते ते पाण्याचे भांडे. काठाशी पाणी काचेवर वर चढते आणि बाजूने पाहिले तर पृष्ठभागालगतचा नेमका हवा तो थर त्यामागे दडतो. आपण पिपेटने थेंब थेंब टाकत भांडे काठोकाठ भरलेत, पाणी काठाच्या किंचित वर फुगून उभे राहिले, आणि सीमेपर्यंतचा प्रकाश भिंगाला मोकळा मिळाला. कोणत्याही निबंधाच्या पद्धती-विभागात अशी युक्ती मी वाचलेली नाही, आणि ती लिहायला हवी असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या थरात एकच लॉरेंझ वक्र (रुंदावलेल्या रेषेचा गणिती आकार) रेषेला बसेना. मधला भाग अरुंद, पंख, म्हणजे दोन्ही बाजूंचे उतार, मात्र रुंद. अशा वेळी सरासरी काढून एकच आकडा देण्याचा मोह होतो. डिस्चार्ज सर्वत्र सारखा नसतो, तेव्हा दोन वक्र बसवा आणि दोन्ही घनता छापा, असे आपण सांगितलेत. आम्ही दोन्ही छापत आहोत.

पाण्यात मीठ मिसळून वाहकता वाढवल्यावर हीच मापे पुन्हा घ्यायची आहेत. त्यासाठी मोनोक्रोमेटर आणखी काही काळ आमच्याकडे राहू दिल्याबद्दलही मी आपली ऋणी आहे.

आपली नम्र,
प्लाझ्मा प्रयोगशाळेतील एक संशोधक विद्यार्थिनी