हॉट डॉगला मोहरी हवी, मेयोनीजचा पूर नको

मा. संपादक,

पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की गोव्याच्या किनाऱ्यावरच्या गाड्यांपासून चर्चच्या फेस्ताच्या (सणाच्या) फेरीपर्यंत सगळीकडे हॉट डॉग दिसू लागतो. बहुतेक ठिकाणी तो एकाच साच्यातला असतो : गोडसर बन, तळलेले चिकन सॉसेज आणि वर केचप-मेयोनीजच्या आडव्यातिडव्या रेघा. आवड ज्याची त्याची. पण सॉसेज मुळात खारट आणि तेलकट. त्यावर आणखी गोड आणि आणखी तेलकट ओतून साधते काय? त्याला जोड हवी ती आंबटाची आणि झणक्याची.

शिकागोत खसखस लावलेल्या बनमध्ये पिवळी मोहरी, बारीक कांदा, काकडीचे हिरवेगार गोड लोणचे, टोमॅटो, खाऱ्या काकडीची उभी फाक, व्हिनेगरमध्ये मुरलेल्या मिरच्या आणि सेलरीचे मीठ इतके सगळे घालतात, फक्त केचप नाही. अमेरिकेतली हॉट डॉग आणि सॉसेज परिषद तर १८ वर्षांवरच्या माणसाने केचपला हात लावू नये, असे अर्ध्या गमतीने सांगते. आइसलँडमध्ये केचप चालते, पण सोबत कच्चा आणि तळलेला असे दोन्ही कांदे आणि तपकिरी मोहरी असतेच.

गाड्यावरून नेमकी हीच मोहरी गायब असते. बाटली महाग पडते म्हणावे, तर घरी फेसायला फारसा खर्च नाही. पिवळ्या मोहरीची पूड ४ चमचे आणि गार पाणी ४ चमचे कालवून १० मिनिटे ठेवावे, मग २ चमचे माडाचे व्हिनेगर, अर्धा लहान चमचा मीठ आणि चिमूटभर हळद. क्रम बदलायचा नाही. झणका दाण्यात आयता नसतो. दळलेल्या मोहरीला पाणी लागले की तिच्यातल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) तो तयार होतो. गरम पाण्याने विकर मरते, व्हिनेगर आधी पडले तर ते आवळले जाते आणि मोहरी मवाळ राहते. ताजी मोहरी कडवट लागते म्हणून टाकून देऊ नये. रात्रभर फ्रिजमध्ये राहिली की कडूपणा उतरतो.

सॉसेज आधीच शिजवलेले असते, ते फक्त आतपर्यंत गरम करायचे. खळखळ उकळले तर आतले पाणी आणि चरबी फुगून ते फुटते, चव पाण्यात जाते. पाणी ८० अंशांच्या आसपास, म्हणजे तळाशी बारीक बुडबुडे पण उकळी नाही, अशा बेताने ६ ते ८ मिनिटे. आपल्याकडची बरीचशी चिकन सॉसेजेस आवरण काढलेली असतात, त्यामुळे चावताना कटकन तुटण्याची मजा नसते. म्हणून पाण्यातून काढून, पुसून, तिरक्या उथळ चिरा देऊन मध्यम तव्यावर २-३ मिनिटे फिरवावे. चिरांच्या कडा खरपूस होतात आणि मोहरीही त्यांत अडकते. बर्फासारखे सॉसेज थेट तेलात सोडणे सर्वांत वाईट : बाहेरून आक्रसते, आत गार. तयार सॉसेज ६० अंशांच्या खाली ताटकळत ठेवू नये.

पावाबाबत गोंयकाराला सांगायला नको, तरी उंडा या गोल पावात हॉट डॉग भरण्याची हौस दिसते म्हणून लिहितो. उंड्याचे कवच कडक. दात रोवला की सॉसेज मागच्या बाजूने सटकते. पोय, म्हणजे आतून पोकळ असलेला पाव, घ्यायची तर अर्धी कापून पोकळीत सॉसेजच्या उभ्या फाका सरकवाव्यात, छान जमते. बन असेल तर बाजूने न कापता वरून चिरावा, तळाशी बोटभर जाडी राखावी आणि आतल्या बाजूला लोणी लावून तव्यावर अर्धा मिनिट शेकावे. लोण्याचा थर ओल अडवतो. पावसाळ्यात न शेकलेला बन हातात येईपर्यंत लगदा झालेला असतो.

ओल येते मुख्यतः कांद्यातून. एक मध्यम कांदा बारीक चिरून पाव लहान चमचा मीठ आणि २ चमचे माडाच्या व्हिनेगरमध्ये २० मिनिटे ठेवावा, मग मुठीत घट्ट पिळावा. कोबीलाही तोच न्याय. जर्मन पद्धतीची आंबवलेली कोबी मात्र गाडेवाल्याने करण्याच्या भानगडीत पडू नये. आपल्या उष्म्यात ती भराभर आंबते आणि मऊ पडते. जे काही घालायचे ते सॉसेजवर, पाव आणि सॉसेजच्या मध्ये नव्हे. आधी मोहरी, मग कांदा-कोबी, चीज असल्यास त्यावर, भुरभुरवायचे मसाले शेवटी.

राहिला आपला चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार गोवन सॉसेज. हॉट डॉगच्या नेहमीच्या शिजवलेल्या सॉसेजच्या (फ्रँकफर्टरच्या) जागी चोरिसाची माळ तव्यावर गरम करून देणे धोक्याचे आहे : हे मांस खारवलेले, वाळवलेले असले तरी कच्चे असते. दोरा आणि आवरण काढून, कांदा आणि थोडे पाणी घालून १५-२० मिनिटे शिजवावे. मीठ वेगळे लागत नाही. असा सुका परतलेला चोरीस एक चमचा सॉसेजवर घातला, वर पिळलेला कांदा, की व्हिनेगर, मिरची, लसूण सगळे आलेच. इथे मोहरीसुद्धा नको. आमच्या मते गोव्यात याहून चांगले टॉपिंग नाही.

मात्र अनेक गिऱ्हाइके डुकराचे मांस खात नाहीत. चोरिसाचा तवा, चिमटा आणि सुरी वेगळी ठेवावी, आणि सॉसेज कशाचे आहे हे फलकावर मराठी-कोकणीत स्पष्ट लिहावे.

– खाद्यव्यवसायातील काही वाचक, म्हापसा