रिपोर्ट नॉर्मल म्हणजे निदान झाले असे नव्हे

संपादक महोदय,

‘तुम्हाला चिंतारोग आहे का?’ अशा मथळ्याखाली गुण मोजायचे तक्ते वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत अधूनमधून छापून येतात. त्यांतल्या अनेकांमागे जीएडी-७ ही प्रश्नावली असते. प्रश्न सात, तेही मागच्या दोन आठवड्यांपुरते. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २१. दहा किंवा जास्त गुण पडले तर नीट तपासून घ्यावे, एवढेच ती सांगते. आजाराचे नाव ती सांगत नाही. बेचैनी आणि चिडचिड थायरॉइड वाढल्यावरही, म्हणजे त्या ग्रंथीचा स्राव जादा झाल्यावरही होते, त्यामुळे अशा रुग्णालाही सहज पंधरा गुण पडू शकतात.

निदानात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे काळ. त्रास कधी सुरू झाला, किती वेळ टिकतो आणि मधल्या वेळात माणूस कसा असतो, हे आधी विचारायला हवे. निरनिराळ्या गोष्टींची आवरता न येणारी काळजी सहा महिने बहुतेक दिवस असेल आणि जोडीला बेचैनी, थकवा, लक्ष न लागणे, चिडचिड, अंग आखडणे, झोप बिघडणे यांपैकी किमान तीन तक्रारी असतील, तर तो सार्वत्रिक चिंताविकार. अपघात किंवा अत्याचारानंतर तेच प्रसंग डोळ्यांपुढे येत राहणे, दचकणे आणि ती जागा टाळणे महिन्याभरानंतरही चालू राहिले, तर वाट वेगळी, आघातोत्तर तणावविकाराची (पीटीएसडी). नोकरी गेली, घर मोडले आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत माणूस ढासळला, तर तिसरीच, समायोजन विकाराची.

पॅनिक अटॅक तर घड्याळावरूनच ओळखू येतो. काही मिनिटांत तो कळस गाठतो. छाती धडधडते, जीव घाबरा होतो, आता आपण मरणार असे वाटते. श्वास भराभर चालल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, म्हणून ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, कधी बोटे वाकडी होऊन आखडतात. घरच्यांना तो हृदयविकाराचा झटका वाटतो. ईसीजी काढेपर्यंत सगळे ओसरलेले असते आणि रुग्णाला ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ असे सांगून घरी पाठवले जाते. पण धडधड नसताना काढलेला ईसीजी त्या धडधडीबद्दल काय सांगणार? ठोके एकदम बटण दाबल्यासारखे सुरू होऊन तसेच एकदम थांबत असतील, तर हृदयाच्या लयीचा दोष असू शकतो. त्यासाठी २४ तासांचा होल्टर, म्हणजे ठोक्यांची सलग नोंद घेणारे छोटे यंत्र, लावावा लागतो. छातीतली कळ पहिल्यांदाच आली असेल, किंवा ती हाताकडे, जबड्याकडे जात असेल, तर मात्र घरी पॅनिक ठरवत बसू नये.

शरीरातली कारणे शोधण्याची सुरुवात साध्या हस्तांदोलनाने होते. चिंतेत तळवे ओलसर पण गार लागतात. थायरॉइड वाढलेल्याचे ओलसर आणि गरम. त्याची नाडी झोपेतही जलद चालते, वजन खाऊनपिऊन उतरते. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करावी (थायरॉइड वाढले की टीएसएच उतरते), पण केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी किमान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात. नाही तर काही तपासण्यांत टीएसएच खोटेच कमी दिसते. हिमोग्लोबिन, साखर आणि बी-१२ यांचीही तपासणी स्वस्तात मस्त. भाराभर स्कॅन मात्र लक्षणांनी बोट दाखवल्याशिवाय काढू नयेत.

रक्ताच्या तपासण्यांतून न उलगडणारे कारण बरेचदा औषधांच्या पिशवीत सापडते. दम्याचा साल्ब्युटामॉल पंप, स्टिरॉइड, नाक मोकळे करणाऱ्या गोळ्या, थायरॉइडच्या गोळीचा जादा डोस, शिवाय कॉफी आणि एनर्जी ड्रिंक. रोज पिणाऱ्याने दारू अचानक सोडली की काही तासांतच थरथर आणि घबराट सुरू होते. झोपेची गोळी एकदम बंद केली तरी तेच, म्हणून पिशवी रिकामी करून प्रत्येक पाकीट डॉक्टरांपुढे ठेवावे. ‘बाकी काही घेत नाही’ हे उत्तर सहसा पुरे नसते. पंप आणि सर्दीची गोळी लोकांच्या लेखी औषध नसतेच.

एक प्रश्न घाईत हमखास राहतो: आयुष्यात कधी चार-पाच दिवस झोप न लागताही उत्साह ओसंडून वाहिला होता का? उत्तर ‘हो’ आले तर द्विध्रुवी विकाराची (बायपोलर, ज्यात नैराश्य आणि उन्माद आलटून पालटून येतात) शंका घ्यावी, कारण अशा रुग्णाला नुसते नैराश्यावरचे औषध दिले तर उन्माद उसळू शकतो. हा प्रश्न रुग्णाइतकाच घरच्यांनाही विचारावा. रुग्णाला ते दिवस आजाराचे वाटलेलेच नसतात.

तक्ते छापू नका असे म्हणणे नाही. पण खाली दोन ओळी जरूर छापाव्यात. हे गुण म्हणजे निदान नव्हे. त्रासाच्या वेळा आणि चालू औषधे कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्यावीत, ही पहिली. जगणे नकोसे झाल्याचा विचार येत असेल तर गुण कितीही असोत, त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, ही दुसरी. आणि ती दुसरी ओळ ठळक अक्षरांत असावी.

– एक मनोविकारतज्ज्ञ