प्लेटलेट्स मोजता, पण पीसीव्हीचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस सुरू झाला की तुमच्या पेपरात डेंग्यूच्या बातम्या येतात, चांगलंच आहे, पण दरवर्षी गाडी प्लेटलेट्सवरच येऊन थांबते, अमक्याच्या २० हजारांवर आल्या, तमक्याला बॅगा मिळेनात. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. रिपोर्ट न्यायला आलेला नातेवाईक काऊंटरवरच कागद उलगडतो, प्लेटलेटच्या आकड्यावर बोट ठेवून घरी फोन लावतो, आणि त्याच कागदावर पीसीव्ही म्हणजे हिमॅटोक्रिटची (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के, त्याची) ओळ असते तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

डेंग्यूचा पेशंट शॉकमध्ये जातो, म्हणजे त्याचं रक्ताभिसरण कोसळतं, ते मुख्यतः केशवाहिन्या गळायला लागल्यामुळे. या वाहिनीची भिंत म्हणजे पेशींचा जेमतेम एक थर, त्याला आतून ग्लायकोकॅलिक्स नावाचा अतिशय पातळ लेप. पेशींमधल्या फटींतून पाणी, क्षार जातात पण अल्ब्युमिनसारखी प्रथिनं बहुतांशी आत अडतात आणि तीच रक्तातलं पाणी धरून ठेवतात. विषाणूचं एनएस१ प्रथिन, हो तेच ज्याची टेस्ट आपण पहिल्या दिवशी करतो, ते हा लेप खराब करतं आणि फटी सैल होतात असं प्रयोगांत दिसलंय. मग प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, पोटात, फुप्फुसांभोवती साठतो आणि आत उरलेलं रक्त घट्ट होतं. पीसीव्ही ४० चा ४८ झाला, म्हणजे २० टक्के वाढला, की गळती धरूनच चालायचं.

आणि हे घडतं कधी, तर ताप उतरताना! साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. घरचे म्हणतात आता बरं वाटतंय, डिस्चार्ज द्या. गळती २४ ते ४८ तास चालते, नंतर भिंत आपोआप सावरते आणि बाहेर गेलेलं पाणी रक्तात परत येतं, त्यावेळीही "अजून एक सलाईन लावा ना" म्हणून डॉक्टरांच्या मागे लागलं तर फुप्फुसात पाणी व्हायची भीती. रक्तस्राव नसताना नुसता आकडा बघून प्लेटलेट चढवू नका असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. (पपईच्या पानांच्या रसाबद्दल मी बोलतच नाही, व्हॉट्सॲपवर सगळे तज्ज्ञ आहेत.)

तर विनंती एवढीच की पुढच्या बातमीत प्लेटलेटच्या आकड्याशेजारी एक चौकट द्या, ताप उतरल्यावरही पोट सतत दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, लघवी कमी झालीय, पेशंट सुस्त पडलाय, तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठा.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, नाशिक