बाबा, तुम्ही पाठवलेल्या त्या 499 रुपयांच्या खोलीबद्दल

ठाणे,
7 डिसेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, गुरुवारी तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली जाहिरात पाहिली. ‘काशी, घाट 2 मिनिटांवर, 499 रुपयांपासून.’ खाली तुमचा निरोप होता, ‘हेच बुक कर. पाठ टेकायला जागा मिळाली की झालं.’ मी उत्तर दिलं नाही म्हणून रात्री तुम्ही फोन केलात आणि मी विषय बदलला. फोनवर तुम्ही ‘बरं बरं, बघू’ म्हणून मला थांबवलं असतं, म्हणून हे पत्र. ती जागा मला चांगली माहीत आहे. फेब्रुवारीत मी तिथे दोन रात्री राहिले आणि गेल्या महिन्यात तीन. तुम्हा दोघांना मी तिथे उतरू देणार नाही.

फेब्रुवारीत आमच्या साड्यांच्या दुकानाच्या कामासाठी बनारसला गेले तेव्हा प्रयागराजला महाकुंभ चालू होता, 13 जानेवारी ते 26 फेब्रुवारी. प्रयागचं स्नान उरकून लोक तसेच काशीला येत होते. गोदौलिया चौकापासून दशाश्वमेध घाटापर्यंत पाऊल ठेवायला जागा नव्हती. दुकानाकडून मुक्कामाचे रोज हजार रुपये मिळतात, त्यात त्या दिवसांत हॉटेल मिळणं अशक्यच. म्हणून हॉस्टेल घेतलं. आई, हॉस्टेल म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे माझं कॉलेजचं वसतिगृह येईल, पण हे वेगळं. हे प्रवाशांसाठी असतं. एका खोलीत सहा, आठ, बारा खाटा, रेल्वेच्या बर्थसारख्या एकावर एक. भाडं खोलीचं नाही, खाटेचं. सामानाला कुलूप लावायचा कप्पा, संडास-बाथरूम सगळ्यांत मिळून. माणूस नेटका असला तर असं हॉस्टेलही फार छान चालतं. हंपीला मी राहिले होते, तिथून निघताना मला वाईट वाटलं होतं. तेव्हा स्वस्त म्हणजे वाईटच, असं माझं म्हणणं नाही.

महानगरी एक्स्प्रेस बनारसला उजाडायच्या आत पोचवते. त्या दिवशी मी हॉस्टेलच्या दाराशी पोचले तेव्हा पाच वाजायला आले होते. जाहिरातीत लिहिलेलं होतं की स्वागतकक्ष चोवीस तास उघडा. दाराला आतून कडी होती. बेल वाजवली, फोन केले, बुकिंगवरच्या दोन्ही नंबरांवर केले. गल्लीत कुत्री भुंकत होती आणि मी पायरीवर बॅग मांडीत घेऊन बसले होते. सहा वाजून गेल्यावर एका पोराने डोळे चोळत दार उघडलं आणि सांगितलं, ‘चेक-इन एक बजे होगा.’ तोवर आत बसायचं असेल तर तीनशे रुपये वेगळे. मी बायकांची सहा खाटांची खोली घेतली होती. मिळाली ती बाराजणांची, पुरुष आणि बायका एकत्र. चादरीवर दुसऱ्याचे केस होते. उशीच्या अभ्र्याला तेलाचा वास येत होता. गीझर बंद. विचारलं तर उत्तर मिळालं, ‘कुंभ है मैडम.’

मी ते मान्य केलं. खरंच केलं. सगळं शहर दमलेलं होतं, पोलीस दमलेले, रिक्षावाले दमलेले. तो दार उघडणारा पोरगा बलियाकडचा, एकोणीस-वीस वर्षांचा. तोच दार उघडायचा, तोच चहा करायचा, तोच चादरी बदलायचा आणि रात्री स्वागतकक्षाच्या टेबलाखाली झोपायचा. मालक फक्त फोनवर. अशा पोरावर काय चिडणार? तुम्हाला मी तेव्हा ‘जागा ठीक आहे’ एवढंच सांगितलं होतं. ते खोटं होतं, बाबा, मला माफ करा.

नोव्हेंबरात पुन्हा तिथेच गेले, त्याचं कारण तुम्ही दोघं. दिवाळीत आई म्हणाली होती ना, ‘अख्खा जन्म वाईत, दक्षिण काशीत गेला, आता एकदा उत्तरेची बघू दे.’ माझ्या डोक्यात तेच होतं. त्या हॉस्टेलात दोन खाटांची स्वतंत्र खोलीही आहे, जागा घाटाजवळ आहे, गर्दी ओसरल्यावर कदाचित बरं चालत असेल, असं वाटलं. काशीची देवदिवाळी, म्हणजे कार्तिकी पौर्णिमा, 5 नोव्हेंबरला झाली होती. मी त्या महिन्याच्या अखेरीस गेले, म्हणजे कसलंही निमित्त उरलं नव्हतं. ती स्वतंत्र खोली मी स्वतःसाठी घेतली आणि तुमच्या नजरेने एकेक गोष्ट पाहिली.

खोली चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. जुन्या वाड्यावर मजले चढवलेले, जिने अरुंद, एकेक पायरी फूटभर उंच, कठड्याचा पत्ता नाही. मी मोजल्या, 71 पायऱ्या. आई, तुला आपल्या गणपती घाटाच्या पायऱ्या उतरताना आता माझा हात लागतो. कमोडची बैठक तुटलेली होती, ती तिसऱ्या दिवशीही तुटलेलीच होती. प्यायच्या पाण्याचं यंत्र खाली तळमजल्यावर, म्हणजे रात्री तहान लागली तर पुन्हा त्या 71. गच्चीवर रात्री एकपर्यंत गाणी लावायचे आणि माझी खोली गच्चीच्या बरोबर खाली. पहिल्या रात्री वर जाऊन सांगितलं. आवाज पाच मिनिटं कमी झाला. दुसऱ्या रात्री मालकाला फोन लावला, तर तो म्हणाला, ‘हॉस्टल में आए हैं तो एडजस्ट कीजिए.’ बिल मागितलं तर साध्या कागदावर आकडा लिहून दिला, त्यात 12 टक्के जीएसटी लावलेला. एवढ्या भाड्याच्या खोलीवर सप्टेंबरपासून तो 5 टक्के झाला आहे, हे मी दाखवलं. मग त्याने कागदावरची ती ओळ खोडली आणि बेरीज तशीच ठेवली.

यांतलं एकही दुःख मोठं नाही, मला ठाऊक आहे. मी तिशीतली आहे, सोसून घेतलं असतं. पण तिसऱ्या रात्री जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही.

रात्री साडेनऊ झाले असतील. मी पीली कोठीहून साड्यांचे नमुने घेऊन परत येत होते. स्वागतकक्षासमोर एक आजी-आजोबा उभे होते. आजोबांच्या डोक्यावर पांढरी टोपी, आजींचं लुगडं, पायाशी दोन पिशव्या आणि दोरीने बांधलेली वळकटी. आजोबा हातातला मोबाईल पुढे करून मराठीतच सांगत होते, ‘पोरानं पैशे भरलेत, हे बघा की.’ बीडकडची माणसं. पोरगा पुण्याला नोकरीला, त्याने मोबाईलवरून दोन रात्रींचं बुकिंग करून दिलेलं. काउंटरवर या वेळी दुसराच मुलगा होता. तो म्हणत होता की पन्नाशीच्या वरच्यांना इथे जागा देत नाहीत, नियम आहे, वेबसाइटवर लिहिलेलं आहे. लिहिलेलं होतंही, अगदी तळाशी, बारीक अक्षरांत. पैसे घेताना कुणी वय विचारलं नव्हतं.

मी मध्ये पडले. माझी खोली त्यांना द्या, मी डॉर्ममध्ये, त्या सगळ्यांच्या एकत्र खोलीत झोपते, असंही म्हटलं. मालकाशी बोलले. तो नाही म्हणाला. पैसे परत हवे असतील तर ‘ऑनलाइन वाले’ देतील. एवढा वेळ आजी उभ्याच होत्या. समोर सोफा होता, त्यावर तीन मुलं मोबाईल बघत बसली होती, त्यांच्यातलं कुणी उठलं नाही. आणि काउंटरवरच्या कुणीही त्यांना ‘बसा’ म्हटलं नाही. दिवसभराचा प्रवास करून आलेल्या बाईला पेलाभर पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. आई, आपल्या दारात गॅसवाला आला तरी तू आधी गूळ-पाणी पुढे करतेस. मला तिथे तुमचेच चेहरे दिसायला लागले. बाबा तसेच मोबाईल पुढे धरून उभे आहेत आणि तू पदराने मान पुसते आहेस. माझं रक्त उसळलं. त्या मुलाला मी काय काय बोलले ते लिहीत नाही.

मग ई-रिक्षा केली आणि तिघंही गोदौलियाच्या बाजूला गेलो. पहिल्या धर्मशाळेत जागा नव्हती. दुसरीत व्यवस्थापक बसलेले होते, साधारण बाबांच्या वयाचे. आम्हाला पाहिल्यावर त्यांनी आधी दोन खुर्च्या पुढे ओढल्या, आत हाक मारून पाणी मागवलं, आणि दोघांचं पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, ‘अब आधार दिखाइए.’ तळमजल्यावरची खोली मिळाली, आठशे रुपये. आजींनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं मोडली आणि मी रस्त्यातच रडले.

बाबा, तुम्ही इतकी वर्षं शाळेच्या सहली नेल्यात, म्हणून तुम्हाला हे मुद्दाम सांगते. प्रवाशांच्या हॉस्टेलची ही कल्पना एका शाळामास्तराचीच. जर्मनीतले रिचर्ड शिरमान. 26 ऑगस्ट 1909 रोजी ते मुलांना घेऊन पायी सहलीला गेले असताना वादळी पावसात सापडले. एका गावच्या शाळेने वर्ग उघडून दिला, शेतकऱ्याने अंथरायला पेंढा आणि प्यायला दूध दिलं. त्या रात्री त्यांना वाटलं, सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, तर गावोगावी मुलांना अशी रात्रीची जागा का असू नये? 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात त्यांचं पहिलं कायमचं युवा वसतिगृह सुरू झालं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपली रायगडची सहल आठवली होती. पाचाडला तुम्ही शाळेचा वर्ग उघडून घेतला होतात, मुली एका बाजूला, मुलं दुसऱ्या बाजूला, मध्ये सतरंज्या, आणि तुम्ही स्वतः दाराशी आडवे झाला होतात. गावातल्या कुणीतरी पिठलं-भाकरी आणून दिली. गाद्या नव्हत्या, उशा नव्हत्या, पण आपल्याला कुणी वाऱ्यावर सोडलंय असं क्षणभरही वाटलं नाही. ‘पाठ टेकायला जागा’ म्हणता तेव्हा तुमच्या मनात तसली जागा असते. त्या जाहिरातीतली ती नव्हे.

काशीला आपल्या लोकांनी यात्रेकरूंसाठी किती केलंय! अहिल्याबाईंनी 1780 च्या सुमारास विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभारलं हे सगळ्यांना माहीत असतं. पण देशभर यात्रेच्या वाटांवर त्यांनी धर्मशाळा बांधल्या, विहिरी खणल्या, ते मला जास्त मोठं वाटतं. दुर्गा घाट, ब्रह्मा घाट भागात अजून मराठी घरं आहेत. नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे. आई, तुझे नाथ तिथे पंचगंगा घाटाला राहिले. काशीची कावड गाढवाच्या तोंडाला लावणारे नाथ. लहानपणी ती गोष्ट सांगताना तुझा आवाज दरवेळी त्याच ठिकाणी भरून यायचा. त्या घाटाच्या पायऱ्या फार उभ्या आहेत, आपण तो होडीतूनच पाहू.

हॉस्टेलबद्दल मी काय केलं ते थोडक्यात. फोटो लावून सगळं खरं लिहिलं. बुकिंग कंपनीकडे तक्रार केली, मला एका रात्रीचे पैसे परत आले. आजोबांच्या मुलाला ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर दिला, त्याने तक्रार नोंदवली आहे, त्याचे पैसे अजून यायचे आहेत.

आता तुमचं. त्याच धर्मशाळेत दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मी खोल्या पाहून आले. तळमजला, दाराला एकच पायरी, आत कमोड, गरम पाणी सकाळी पाच ते नऊ. चादर माझ्यासमोर धुतलेली काढली. व्यवस्थापकांचा नंबर घेतला आहे, ते फोन उचलतात हे चार वेगवेगळ्या वेळी करून पाहिलं, एकदा पहाटे साडेचारलाही. झोपेतून उठवलं म्हणून माफी मागितली तर म्हणाले, गाड्या तर याच वेळेला येतात, बेटी. भाडं जाहिरातीतल्यापेक्षा तीनशे एक रुपयांनी जास्त आहे. ते तीनशे रुपये मी देणार आणि त्यावर तुम्ही वाद घालायचा नाही. पेन्शनचे पैसे जपून वापरायची तुमची सवय मला पाठ आहे. तिच्यामुळेच मी शिकले. पण माझ्या शिक्षणाच्या वेळी तुम्ही भाव पाहिला नव्हतात.

महाशिवरात्र 15 फेब्रुवारीला आहे, तेव्हा गर्दी उसळेल. म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जाऊ. गाडीचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे ते उघडलं आहे, दोन दिवसांत तिकिटं काढायला हवीत. पुण्याहून ज्ञानगंगा आठवड्यातून एकदाच आहे, ती मिळाली तर तुम्ही वाईहून पुण्याला या, मी तिथे भेटते. दोघांनाही खालचे बर्थ मागते. तेव्हा थंडी असेल, आईला मलइयो खायला घालायचं आहे. दुधाचा फेस असतो, केशर घातलेला, जिभेवर ठेवला की विरतो, आणि तो थंडीतच मिळतो.

दोघांच्या आधारची दोन्ही बाजूंची प्रत दादाला सांगून पाठवा. बाबा, तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या वेगळ्या काढून ठेवा. आई, वळकटी घेऊ नकोस, गाद्या मी स्वतः दाबून पाहिल्या आहेत. आणि साताऱ्याहून कुणी येत असेल तर अर्धा किलो कंदी पेढे मागवून ठेव. ते त्या व्यवस्थापकांना द्यायचे आहेत.

तुमची,
लेक