तुळशीबागेत जाण्याआधी

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खोली मिळाली, शेगडी आली, आता भांडी घ्यायची म्हणतोस. मोबाइलवर बघून वीस-पंचवीस नगांचा सेट मागवू नकोस. त्यातली सहा-सात वापरात राहतात, उरलेली माळ्यावर जातात. तुझा रोजचा स्वयंपाक म्हणजे वरण-भात, पोळी, एखादी भाजी आणि चहा. त्याला तीन लिटरचा कुकर, तवा, कढई, दोन पातेली, पोळपाट-लाटणं, उलथनं, सांडशी आणि मिसळणाचा डबा पुरे.

कुकर उभट घे. पसरट दिसायला छान, पण त्यात डाळीचा आणि तांदळाचा डबा एकावर एक राहत नाही. दुकानातच दोन्ही डबे आत ठेवून झाकण लावून बघ. दुकानदार कुरकुरला तरी बघ. आयएसआयची खूण भांड्यावर असायला हवी, नुसती खोक्यावर नको. त्याच मापाची एक जादा रिंग तेव्हाच घेऊन ठेव. डाळ डब्याशिवाय थेट शिजवलीस तर पाणी धरून कुकर अर्ध्याच्या वर भरू नकोस. डाळीचा फेस शिट्टीच्या नळीत अडकतो, शिट्टी होत नाही आणि वाफ वाट शोधते ती सेफ्टी व्हॉल्व्ह उडवून.

पोळीचा तवा लोखंडी पत्र्याचा हवा, साधारण तीन मिलिमीटर जाड. तो पटकन तापतो आणि आच कमी केली की पटकन उतरतो. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा उष्णता धरून बसतो, त्यामुळे घावन-आंबोळ्या त्यावर सुरेख होतात, पोळ्या मात्र करपतात. कढई बिडाची घे. बोटाच्या पेराने टिचकी मार: खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे. मग सपाट काचेवर ठेवून डुगडुगते का ते बघ.

नवी कढई लगेच चुलीवर चढवायची नाही. गरम पाणी आणि साबणाने घासून कारखान्याचं तेल काढ, गॅसवर ठेवून पूर्ण कोरडी कर. शेंगदाणा तेलाचे चार-पाच थेंब फडक्याने आत-बाहेर चोळ आणि पुन्हा कोरड्या फडक्याने पुसून घे, जणू तेल लावलंच नव्हतं इतकं. मग धूर निघेपर्यंत तापव, आपोआप गार होऊ दे. असं तीन-चार वेळा. चूक होते ती इथेच: तेल जास्त झालं की थर वाळत नाही, चिकट राळेसारखा होतो आणि सगळं खरवडून पहिल्यापासून करावं लागतं. पहिला महिनाभर त्यात टोमॅटो, चिंच, आमसूल नको. आंबटाने तो थर निघतो आणि भाजी काळी पडते. भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढ. आणि तापल्या बिडावर गार पाणी कधीच ओतू नकोस, तडकतं.

२०२४ पासून मेट्रोचं मंडई स्टेशन सुरू आहे, तिथून तुळशीबाग पायी काही मिनिटांवर. शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळ, त्या गर्दीत भांडं ठेवून बघायला जागाच मिळत नाही. तांब्याचा हंडा हवा असेल तर कसबा पेठेत तांबट आळीत जा. तिथलं मठारकाम नुसत्या शोभेसाठी नसतं; ठोकल्याने तांबं कडक होतं, भांडं सहज चेपत नाही. हाताने मठारलेल्या खुणा किंचित कमी-जास्त असतात, यंत्राच्या अगदी एकसारख्या. त्यात पाणीच ठेव, ताक किंवा लिंबाचं सरबत नको. पितळेचं पातेलं घेतलंस तर कल्हई करूनच वापर, आणि रिकामं आचेवर ठेवू नकोस: कल्हई म्हणजे कथील, ते २३२ अंशांना वितळतं.

पोळपाट-लाटण्याची मात्र पुण्यात घाई करू नकोस. दिवाळीनंतर मित्रांबरोबर आंबोलीला जाणार आहेस ना? कावळेसादला वाऱ्याने उलटं वर उडणारं पाणी तुला आठवत असेल. ती मजा पावसाळ्यातली; या वेळी दरी स्वच्छ दिसेल. तिथून घाट उतरून तासाभरात सावंतवाडी. मोती तलावाला एक फेरी मारून चितार आळीत जा. रंगीत लाकडी फळं बघत बसशील, बस, पण घ्यायचं ते बिनरंगाचं. लाखेचा रंग शेगडीजवळ मऊ पडतो. पावसाळ्यात घेतलेलं लाकूड पुण्याच्या कोरड्या हवेत आक्रसून चिरतं, म्हणून दिवाळीनंतरच बरं. पोळपाट तीन पायांचा घे. ओटा वर-खाली असला तरी हलत नाही. लाटणं फळीवर गडगडवून बघ, सरळ जायला हवं. घरी आल्यावर धुऊन उभं करून सावलीत वाळव, उन्हात नको.

माझ्यासाठीही एक लाटणं आण. बारा इंची, मधे फुगीर नको.

तुझी,
आई

ता. क. कुकरची पावती फेकू नकोस. वॉरंटीसाठी तीच मागतात.